अध्यक्षांचा अध्यक्षांना अर्ज

"चंदे, वासाच्या भाताचं बी कुठं हाय?" पेर घालायची म्हणून कुंडलिकरावांनी मडक्यात हात घातला, तो थेट तळाला टेकला.

"त्याचं पोहं कांडलं," त्यांची बायको चंदा म्हणाली. "तुमच्याच कमिटीला. तुमीच बोललात, मानाची माणसं येणार, झकास कर!"

झाली का पंचाईत! टोकावड्याजवळच्या त्या गावात जैवविविधता समिती नुकतीच झाली होती आणि कुंडलिकराव तिचे नवेकोरे अध्यक्ष. मुरबाडला शिबिरही करून आले होते. बाहेरच्या कंपनीला गावाचं बियाणं हवं तर तिने गावाला विचारायचं आणि फायद्यात वाटा द्यायचा, असा कायदा. चांगलाच होता हो! पण कंपनी काही गावात फिरकेना, म्हणून कुंडलिकरावांनी तो गावावरच चालवला. शेजारणीला मूठभर बी द्यायचं तरी अर्ज, बैठक, वाट्याचा करार!

आता मृग तोंडावर आलेला, आणि ते बी उरलं होतं एकट्या गोजाबाईकडे, सगळं गाव जिला मावशी म्हणे तिच्याकडे. पेर चुकली की वर्षभर घरात दुकानचा तांदूळ. कुंडलिकरावांनी तडक तिचं दार गाठलं.

"मावशे, पायलीभर बी दे गो."

"अर्ज कर," गोजाबाई म्हणाली.

"कोणाला?"

"अध्यक्षाला."

अध्यक्षांनी अध्यक्षांना अर्ज लिहिला. बैठक भरली, तर सदस्य केरू म्हणाला, "तुझ्याच अर्जाला तू कसा रे बसशील? बाहेर थांब." दोन दिवस हा घोळ चालला. कुंडलिकराव पायरीवर घाम पुसत बसले आणि गावाची फुकट करमणूक झाली.

शेवटी गोजाबाईने आपला वाटा सांगितला. "माझी सगळी लावणी यानं करायची. दुसरा माणूस लावायचा नाय."

"सगळी? मावशे, कंबर मोडंल माझी!"

"मग खा दुकानचा तांदूळ."

कुंडलिकरावांनी सही केली, वर शिक्काही हाणला. बियाण्याचं गाठोडं खांद्यावर टाकून ते हरखून शेतावर आले. चंदा बांधावर बसून पायाची माती झाडत होती.

"आता कशाला आनलंत? पेरून झालं की! तुमी अर्ज लिहीत होतात, तवाच मी मावशीकडनं मागून आनलं."

"आन् तिनं दिलं? तसंच?"

"बाईनं बाईकडं बी मागितलं, द्यायला किती वेळ लागतो?"

"मग माझा दोन दिवस तमाशा कशाला केला?"

"मावशीच बोलली, त्याला सांगू नको. यंदा तिला लावणीला माणूस मिळत नाय."

कुंडलिकराव आधी लाल झाले. मग बांधावर बसले आणि त्यांना हसूच फुटलं.

"शिबिराला मी गेलो," ते म्हणाले, "आन् कायदा कळला तो एकट्या मावशीला!"