सी ही फक्त डीपेक्षा उंच

"पाच जण आहेत. सी ही फक्त डीपेक्षा उंच. बीपेक्षा दोघं उंच. ए सगळ्यांत उंच नाही. तर उंचीनुसार क्रम लावा." सँड्रानं प्रश्न मोठ्यानं वाचला आणि पेन्सिल ओट्यावर टाकून दिली.

फर्डिनंड पायरीवर बसून केळीच्या लोंगराला बांधायची दोरी सोडवत होता. चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून आगाशीच्या त्या आळीत सगळे नुकतेच घरी परतले होते. बँकेच्या परीक्षेला सहा दिवस होते, आणि वयाच्या अटीत बसणारा सँड्राचा हा शेवटचा प्रयत्न होता. गणित तिला यायचं, इंग्रजी यायचं, पण माणसं ओळीत लावायची वेळ आली की डोकं बंद पडायचं. मागच्या दोन्ही वेळा तिथंच घोडं अडलं होतं.

"मला नाही जमत, पप्पा. कोण ए, कोण बी, सगळे सारखेच दिसतात."

"दिसणारच. अक्षरांना कुठं तोंड असतं?" फर्डिनंडनं दोरी बाजूला ठेवली. "थांब. आपण खरी माणसं उभी करू."

ही कल्पना त्याला इतकी आवडली की सँड्रानं नको म्हणेपर्यंत तो अंगणात पोचलाही होता. पलीकडचा जयवंत नारळ काढायची शिडी परत द्यायला आला होता. तो माडासारखा उंच, म्हणून तो ई झाला. मासे विकायला आलेली अर्नाळ्याची रेजिना टोपली उतरवत होती. तिला बी केलं.

"मला कशाला उभी करता? पापलेट पानी सोडतंय," रेजिना म्हणाली.

"दोन मिनिटं. पोरीच्या परीक्षेचं आहे."

फर्डिनंड स्वतः ए झाला. स्वयंपाकघरातून त्यानं बायकोला, लूर्डसला, बोलावलं. आता एकच माणूस कमी होतं, आणि तिथं फर्डिनंडची जीभ त्याच्या डोक्याच्या पुढं धावली. त्यानं शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "वैनी, जरा येता? सँड्राच्या परीक्षेचं काम आहे."

उर्सुला म्हणजे त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. सँड्राचं नाव ऐकताच ती हात पुसत आली आणि लूर्डसला पाहून जागीच थबकली. या दोघी जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण उर्सुलाच्या मुलाच्या, केनीच्या, लग्नातला फोटो. चर्चच्या पायऱ्यांवर काढलेल्या त्या मोठ्या फोटोत लूर्डस अशी उभी राहिली होती, की तिच्या अंबाड्यावरच्या फुलांमागं नवऱ्यामुलाची आई पूर्ण झाकली गेली. उर्सुलाचा फक्त एक कान आला. केनी बायकोला घेऊन कॅनडाला गेला आणि उर्सुलाकडं तो फोटो तेवढा राहिला.

"मी जाते," उर्सुला म्हणाली.

"काकी, प्लीज," सँड्रा म्हणाली. उर्सुला थांबली.

फर्डिनंडनं घाईघाईनं ओळ लावली. जयवंत, तो स्वतः, रेजिना. "वैनी, तुम्ही सी. लूर्डस, तू डी. सगळ्यांत शेवटी."

"मी बुटकी?" लूर्डसनं विचारलं.

"प्रश्नात आहे तसं."

"प्रश्न कोणी काढला? मी त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. सांग त्यांना."

"फर्डिनंड, तिला सांग, मला डी व्हायची हौस नाही," उर्सुला म्हणाली. "मी थोरली आहे. फोटोत मागं, इथंही मागं?"

रेजिनामागं एव्हाना दोन गिऱ्हाइकं मासळीसाठी उभी राहिली होती, आणि त्यांच्यामागं आळीतली आणखी चार माणसं, कारण ओळ दिसली होती. "टँकर येणार आहे का?" एकानं विचारलं. "उंची मोजतायत," जयवंतनं पुढून उत्तर दिलं. ते ऐकून कोणी गेलं तर नाहीच, उलट एक जण घरी बायकोला बोलवायला गेला.

"मोजूनच टाका मग," रेजिना म्हणाली. "कोनाचं तरी एकीचं खरं होईल, मी मोकळी होईन."

तोडगा सगळ्यांनाच पटला. दोन्ही जावांना पाठीला पाठ लावून उभं केलं. वर्षभरात त्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या. दोघी समोर बघत ताठ उभ्या होत्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. सँड्रानं मोठी लाकडी पट्टी दोघींच्या डोक्यांवर आडवी ठेवली. पट्टी उर्सुलाच्या बाजूनं वर उचलली गेली.

"उंचीत अंबाडा धरायचा नाही," लूर्डस पहिल्यांदाच थेट बोलली. "पट्टी खाली दाब."

"केसांना हात लावू नकोस, सँड्रा," उर्सुला घाईनं म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण पट्टी तोवर दाबली गेली होती. अंबाडा कलला, सुटला, आणि अख्खाच्या अख्खा रेजिनाच्या टोपलीत, बोंबलांवर जाऊन पडला.

रेजिनानं दोन बोटांनी तो उचलला. ते गंगावन होतं. उर्सुलाच्या डोक्यावर मागं विरळ, पांढुरके, बोटभर लांबीचे केस उरले होते आणि ती दोन्ही हातांनी ते झाकायचा प्रयत्न करत होती.

लूर्डस वळली. तिनं सँड्राच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली, उर्सुलाच्या डोक्यावरून टाकली आणि हनुवटीखाली गाठ मारली. मग ओळीकडं बघून म्हणाली, "काय बघताय? मासे घ्या आणि घरी जा."

ओळ पांगली.

"काय झालं केसांना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"टायफॉइड. पावसाळ्यात."

"तेव्हा तर तुम्ही नालासोपाऱ्याला बहिणीकडं गेल्या होतात."

"तिथल्याच दवाखान्यात होते. तापानंतर केस गेले."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"बोलत कुठं होतो आपण?"

"बोलत नव्हतो म्हणजे काय आजारपणही सांगायचं नाही?" लूर्डसचा आवाज आता चढला. "मी काय परकी आहे? भिंतीपलीकडं राहते मी. पेज कोण देत होतं? औषध कोण देत होतं?" उर्सुला रडायला लागली. लूर्डसनं तिचा दंड धरला आणि तशीच बडबडत तिला आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. आतून पातेल्यांचे आवाज आले, त्यात लूर्डसची बोलणी, मग बऱ्याच वेळानं दोघींचं हसू.

फर्डिनंड अंगणात उभा राहिला. दोघींचे निरोप पोचवायचं वर्षभराचं काम आपल्या हातून गेलं, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"सी आणि डी दोघी गेल्या," तो म्हणाला. "आता कसं करायचं?"

"झालं, पप्पा." सँड्रा दाराकडं बघत होती. "सी फक्त डीपेक्षा उंच, म्हणजे त्या दोघी एकत्रच, एकीमागं एक, शेवटी. त्यांना आधी बसवलं की बाकीचे आपोआप लागतात. ई, ए, बी, सी, डी." तिनं पेन्सिल उचलली आणि पुढचा प्रश्न घेतला. नंतरचा अख्खा आठवडा ती प्रश्नांतल्या अक्षरांना आळीतल्या माणसांची तोंडं लावत होती.

निकाल पुढं चांगला लागला. पण फर्डिनंड आजही सांगतो ती गोष्ट परीक्षेच्या दिवशीची. विरारच्या केंद्रातून सँड्रा बाहेर आली तेव्हा गेटवर तो उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लूर्डस आणि उर्सुला, हातात एकेक डबा घेऊन. दोघींनीही पहाटे उठून, एकमेकींना न सांगता, तिच्या आवडीचे मैद्याचे गोड फुगे तळले होते.

"आधी माझा खा," लूर्डस म्हणाली.

"थोरलीचा आधी," उर्सुला म्हणाली. "आणि खरं सांग, कोणाचा जास्त चांगला झालाय?"

फर्डिनंड एक पाऊल मागं सरकला. सँड्रानं एक इकडचा घेतला, एक तिकडचा. डोळे मिटून दोन्ही सावकाश खाल्ले.

"दिलेली माहिती अपुरी आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडचे अजून दोन-दोन द्या."