सातचा आकडा आणि भिंगमामा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक गृहस्थ मनात आणा. नको, मिटू नका. मग पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. भर उन्हात लांब कोट, खिशात भिंग आणि चालण्यात असा रुबाब, की जणू पाठीमागून फौजफाटाच येतोय. आपल्या भीतीने चोर रात्री झोपत नाहीत, असं ते सांगत. चोर तसेही रात्री झोपत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे भिंगमामा. त्यांची ओळख तेच करून देत, कारण दुसरं कोणी ती पुरेशी लांब करत नसे. "गुप्तहेर, तर्कमहर्षी, शिवाय शाळेत धावण्याचं सुवर्णपदक!"

त्या दुपारी त्यांना बोलावलं भाचीने. ती सारखे प्रश्न गुणगुणत असे, म्हणून घरात तिचं नाव भुंगी. तिचा दादा शिकायला दूर गेला होता. उद्यापासून त्याची परीक्षा. मग महिनाभर फोनसुद्धा नाही. म्हणून आज संध्याकाळी सहाला दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर एकत्र खेळणार होते. दादाने खास नवा खेळ पाठवला होता आणि तो सुरूच होईना. पडद्यावर एकच वाक्य येई: 'या खेळाला हा प्रोसेसर चालणार नाही.'

"मामा, प्रोसेसर म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरचा मेंदू. आणि हा मेंदू मी स्वतः निवडलाय!"

"मग तोच गुन्हेगार ना? पडद्यावर लिहिलंय की."

"भुंगे, जो इतक्या पटकन कबुली देतो, तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवत असतो."

मामांनी कीबोर्डला भिंग लावलं आणि ते गरजले, "बिस्किटाचा चुरा! ताई, या घरात बिस्किटं कोण खातं?"

"तू," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आल्यापासून तेच चाललंय."

तो धागा मामांनी तत्परतेने सोडून दिला. मग संशय माउसवर गेला, कारण त्याची शेपटी टेबलाखाली लपली होती. नंतर पंख्यावर, कारण तो घरघर करत होता. शेवटी आईवर.

"ताई, भुंगीने खेळू नये असं तुला वाटतं. हेतू सापडला!"

"मला वाटतं तू घरी जावंस. तेही कुठे होतंय?"

भुंगीचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिने खेळाचा खोका उचलून वाचला. 'प्रोसेसर किमान पाच नंबरचा, दहाव्या पिढीचा.'

"पाच!" मामा हसले. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या चकचकीत सातच्या आकड्यावर टिचकी मारली. "आपला सात. दोनाने जास्त! दुकानदार आठव्या पिढीचा पाच गळ्यात मारत होता. मी फसतोय होय?"

"आणि आपली पिढी कितवी?"

"घराणं चांगलं आहे."

भुंगीने कॉम्प्युटरची माहिती उघडली. सात नंबर, दुसरी पिढी. तिने एकदा त्या आकड्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"मामा, तुम्ही धावण्यात पहिले होतात ना?"

"सुवर्णपदक!"

"मी वर्गात मधेच कुठेतरी येते. चला, जिन्याने गच्चीवर. एक, दोन, तीन!"

भुंगी गच्चीवर पोचली, कठड्यावरची चिमणी उडून परत येऊन बसली, तेव्हा कुठे खालून मामांचा धापा टाकण्याचा आवाज आला.

"पदक... खरं... आहे," मामा म्हणाले.

"खरंच आहे. पण तुमच्या वेळच्या मुलांमधलं. हा सातही त्याच्या पिढीत हुशार असणार. पण हा खेळ दहाव्या पिढीला बरोबर धावायला बोलावतोय."

तिने तिथूनच दादाला फोन लावला. "बरोबर ओळखलंस," तो म्हणाला. "नवे खेळ अशा काही आज्ञा देतात, ज्या जुन्या प्रोसेसरला कधी शिकवलेल्याच नसतात. माझंच चुकलं, आधी विचारायला हवं होतं. आता कसं करायचं गं? सहा वाजत आले."

मामांनी कोट काढला. "म्हणजे गुन्हेगार..."

"म्हातारपण," जिन्यातून आई म्हणाली. "दोघांचंही."

भुंगी मात्र फोन कानाला लावूनच केव्हाच खाली पळाली होती. कपाटातून तिने गाड्यांच्या शर्यतीचा जुना खेळ काढला. खोक्यावरचा नंबर वाचला, मग पिढीही वाचली. तीन नंबर, पहिली पिढी. दोन्ही बसत होतं.

"दादा, हा आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की! यात तू नेहमी हरायचीस."

भुंगीने शेजारी एक खुर्ची ओढली, घामाघूम मामांना तीत बसवलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

"मामा, कोण जिंकतंय तेवढं नीट बघा," ती म्हणाली, आणि तिने शर्यत सुरू केली.