फ्रिजमधला पहिला बोलपट

फ्रिजमध्ये फ्लॉवर ठेवायला गेलेल्या बायकोला खालच्या कप्प्यात पत्र्याचा एक गोल डबा दिसला. तिने झाकणाला हात घालताच तिच्या नवऱ्याने धावत येऊन तिचा हात धरला. तो एका जुन्या स्टुडिओत फिल्मच्या गोदामाचा स्टोअरकीपर होता. गोदामाचा एसी कधीचा बंद, साहेबांना सांगून जीभ झिजलेली, आणि उन्हाळा असा की डबे हाताला चटके देत. म्हणून स्टुडिओच्या पहिल्या बोलपटाचं उरलंसुरलं एकुलतं रीळ त्याने गुपचूप घरी आणलं होतं.

"जुनी फिल्म आहे," तो चाचरत म्हणाला. "पटकन पेट घेते."

"मग पाणी मारायचं."

"पाण्यातसुद्धा विझत नाही."

त्या क्षणापासून घराची कळा पालटली. गॅस बंद झाला. टीव्ही तापतो म्हणून त्याच्या आईने तोही बंद करायला लावला. काकडी आणि पाव खात सगळे कुजबुजत बोलू लागले. फ्रिज घुर्र करून सुरू झाला की तिघंही दाराकडे सरकत. मुकाट्याने परत नेऊन ठेव, असं आईने सांगून पाहिलं. पण बसमध्ये कुणी सिगारेट शिलगावली तर? आणताना ही शंका त्याच्या मनाला शिवली नव्हती. आता दुसरं काही सुचेना.

अशातच जुने बोलपट कसे जपलेत ते पाहायला स्टुडिओत तपासनीस बाई आल्या. त्यांनी डबे उघडले. फिल्मची कुठे तपकिरी भुकटी झालेली, कुठे डिंकासारखा गोळा. पहिल्या बोलपटाची जागा तर रिकामीच. साहेबांनी स्टोअरकीपरकडे पाहिलं. नोकरी गेली, आता तुरुंगच, असं धरून त्याने साहेबांच्या कानात सगळं ओतलं.

साहेबांनी घाम पुसला. "ते आमच्या खास शीतगृहात आहे," ते बाईंना म्हणाले. "बाहेर."

"मग तेही बघू."

दार बायकोने उघडलं. बाईंनी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला, रीळ खिडकीच्या उजेडात धरलं, वास घेतला. स्टोअरकीपर भिंतीला टेकून उभा होता.

"इथे आगीचं काय करता?" बाईंनी विचारलं.

"रीळ आल्यापासून चहासुद्धा केला नाही हो," बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

बाईंनी मान डोलावली. अख्ख्या स्टुडिओत नीट सांभाळलेली जागा ही एकच, असा शेरा त्यांनी दिला. गोदाम सुधारेपर्यंत रीळ इथून हलवायचं नाही, असंही बजावलं. स्टोअरकीपरच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सुतार येऊन फ्रिजला कडी-कुलूप लावून गेला. किल्ली साहेबांकडे असते. दूध काढायचं झालं की बायको स्टुडिओत फोन लावते. साहेब बहुधा मीटिंगमध्ये असतात.