मानेचा तुलनात्मक अभ्यास

घड्याळजींची मान दुखत होती आणि त्यांच्या बायकोचीही. ते दिवसभर भिंगातून घड्याळांच्या पोटात बघत, ती छापखान्यात मुद्रितं तपासत असे. संध्याकाळी दोघं बोलत एकमेकांशी, पण बघत टेबलाकडे. इस्पितळात तपासलं, तर हाडं-नसा ठीक निघाल्या, दुखणं बसण्या-वाकण्याचं. निदान झालं, 'यांत्रिक मानदुखी'. घड्याळजी खूश झाले.

"यंत्राचंच आहे ना? मग दुरुस्त होणार!"

तिथे तेव्हा दोन व्यायामपद्धतींची तुलना चालू होती. एक विभागप्रमुख म्हणत, मान ताणा. दुसरे म्हणत, बळकट करा. दोघंही मानेचे तज्ज्ञ, त्यामुळे एकमेकांपुढे ती तुकवणं शक्यच नव्हतं. जोडप्याला अभ्यासात घेऊन चिठ्ठ्या टाकल्या. बायकोला ताणगट मिळाला, घड्याळजींना बळगट.

"एकमेकांचा व्यायाम बघायचा नाही," संशोधक डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "गटांत भेसळ होते."

"अहो, पण आम्ही एकाच खोलीत राहतो!"

"मग पाठ फिरवा."

त्यांनी पाठ फिरवली. एकदा मागून "अगं आई गं" ऐकू आलं आणि बायकोनं वळून पाहिलं. तिनं हे प्रामाणिकपणे कळवलं, म्हणून घरी पर्यवेक्षक नेमण्यात आला. मधोमध स्टुलावर बसून आळीपाळीनं दोघांकडे बघता बघता त्याचीच मान मोकळी झाली. पण ते नोंदवायला रकाना नव्हता.

पुढे आक्रीत घडलं. दोघांनाही आराम पडला, आणि तोही सारखाच.

"बरोबरी हा निष्कर्ष नसतो," दोन्ही प्रमुख प्रथमच एकमुखानं म्हणाले. आराम व्यायामानं पडला की नुसते दिवस गेल्यानं, हे ठरवण्यासाठी 'व्यायामबंदी' हा तिसरा उपचार मंजूर झाला. जोडप्यानं तोही इमानेइतबारे केला. माना पुन्हा आखडल्या. हा परिणाम उत्साहवर्धक मानला गेला.

एका सकाळी रस्ता ओलांडताना बायकोला डावीकडून येणारा ट्रक दिसलाच नाही. मान वळेना. घड्याळजींनी दंड धरून मागे खेचलं.

"खड्ड्यात गेली तुलना! इकडे तोंड करा," ती घरी येताच म्हणाली. "माझा व्यायाम तुम्ही करा, तुमचा मी करते."

समोरासमोर उभं राहून ती दोघं रोज व्यायाम करू लागली. मान वर झाल्यावर नवऱ्याच्या भुवया पिकल्याचं तिला प्रथमच दिसलं. भेसळीच्या आरोपावरून दोघांना अभ्यासातून काढून टाकण्यात आलं.

यथावकाश अहवाल आला: 'दोन्ही पद्धती सारख्याच गुणकारी. अधिक अभ्यासाची गरज आहे.'

आता नणंद विचारते, छापखान्यातले विचारतात, पर्यवेक्षकही विचारून गेला, "ते सगळं ठीक, पण त्यातल्या त्यात चांगला व्यायाम कोणता?"

विचारणाऱ्यांपैकी एकानंही अजून कुठलाच सुरू केलेला नाही. तुम्हालाही तेच विचारायचं असेल, तर रांगेत उभे राहा. रांग मागे कुठवर गेली आहे, ते मान वळली तर बघा.