तिसरी हाक

युएलानचा फोन वाजला तेव्हा फान देशुन एका स्कूटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. फोन आतल्या खोलीत, युएलानच्या फोटोसमोर, उदबत्तीच्या भांड्याशेजारी चार्जिंगला लावलेला असे. बायको जाऊन वसंत, उन्हाळा दोन्ही उलटले होते, पण फोन बंद करणं फानच्याने होत नव्हतं. हात पुसत तो आत गेला.

पडद्यावर लिहिलं होतं, ‘युएलान, चाचणी नापास. तुमच्या मंजुरीसाठी काम थांबलं आहे.’

युएलान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. नोंदणीची खिडकी, बाहेर नंबर पुकारणारा बोर्ड, पेशंटच्या फोनमधलं ॲप आणि औषधांची खिडकी, असे त्या सॉफ्टवेअरचे चार भाग. एकात काही बदललं की बाकीचे तीन बिघडले नाहीत ना, हे ती स्वतः बसून तपासायची. ती गेल्यावर कंपनीने ठरवलं, की आता हे काम मशीननेच करावं. बदल झाला की मशीन चारही भाग तपासणार आणि सगळं ठीक असेल तर चुतोंग गावातल्या सगळ्या दवाखान्यांत आपणहून पाठवून देणार. चाचणी नापास झाली, तरच माणसाला विचारणार. त्या माणसाच्या जागी युएलानचं नाव होतं. ते काढायला कुणी धजावलं नाही. मालक को यांना वाटलं युएलानच्या हाताखाली काम केलेली यिंगआन काढेल, यिंगआनला वाटलं मालक सांगतील तेव्हा काढू.

याआधीचे दोन-तीन दिवस फानने फोन नुसता वाजू दिला होता. घरात काहीतरी वाजतंय, हे त्याला बरं वाटत होतं. पण दर वेळी तेच, काम थांबलं आहे. युएलानने हाताला सलाईन लावलेली असतानाही कुणाचं काम अडू दिलं नव्हतं. शेवटी आज, बोटांना ऑईल होतं म्हणून, फानने बोटाच्या पेराने ‘मंजूर’ दाबलं.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ‘चाचणीतला खोटा रुग्ण पुसला गेलेला नाही.’ पण फानचा चष्मा स्कूटरच्या सीटवर राहिला होता.

थोड्याच वेळात कोपऱ्यावरची टोफूवाली आ-मान धापा टाकत आली. “शुनभाऊ, तुम्ही इथे? तिकडे डोळ्यांच्या दवाखान्यात तुमच्या नावाने शंख चाललाय!”

“मी कशाला जाऊ डोळ्यांच्या दवाखान्यात?”

“ते मला काय विचारता? बोर्ड ओरडतोय. नावातलं मधलं अक्षर झाकून तिथे गोल काढतात ना, तसं, फान गोल शुन. त्या गोलात काय आहे ते आख्ख्या गावाला माहितीय. सगळ्यांच्या स्कूटरी तुमच्याकडेच तर येतात.”

ती जाते न जाते तोच एक म्हातारा काठी टेकत आला. हाडांच्या दवाखान्यातही फानलाच बोलावत होते. मग दातांचा निरोप आला, मग कानाचा. समोरच्या बाईने आलं घातलेलं कोंबडीचं सूप आणून ठेवलं. दुसरीने हळूच विचारलं, “भाऊ, राग नका मानू. बायकांच्या दवाखान्यात काय काम काढलंत?” एका गिऱ्हाइकाने तर अर्धी उघडलेली स्कूटर ढकलत परत नेली. “तुम्ही आधी बरे व्हा, काका. ब्रेक काय, पायाने पण लागतो.”

फानने सूप पिऊन टाकलं. आपल्याला काहीतरी झालंय आणि ते फक्त आपल्यालाच सांगितलेलं नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात यिंगआन स्कूटरवरून आली. मागे मालक को हेल्मेट घट्ट धरून बसले होते.

“काका, ताईंच्या फोनवरून कुणीतरी मंजुरी दिलीय!”

“मीच दिली. काम अडलं होतं ना तुमचं?”

“अहो, ते अडायलाच हवं होतं!”

को एका पालथ्या डब्यावर बसले. “मी बोंबलून सांगत होतो, आधी तो हिरवा पुडा बदला.” मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर हिरव्या पुड्यातला खाऊ ठेवतात. त्याची तारीख उलटली की मशीन बिथरतं, असं चुतोंगमध्ये शिकलेली माणसंही मानतात. तो पुडा बदलायचं काम युएलानचं होतं. तेही कुणी अंगावर घेतलं नव्हतं.

“पण माझंच नाव का?” फानने विचारलं.

यिंगआनने हेल्मेट काढलं आणि ते हातात फिरवत राहिली. “चाचणीला एक खोटा रुग्ण लागतो, काका. हाक मारली तरी न येणारा. त्याला तीनदा बोलवायचं, नाहीच आला तर तीन नंबर मागे टाकायचं आणि पुन्हा बोलवायचं. ताईंनी तिथे तुमचं नाव घातलं. आरोग्य कार्डाचा नंबरही तुमचाच. आम्ही हसलो तर म्हणाल्या, ‘या कामाला ह्याच्याइतका अनुभवी माणूस मिळायचा नाही. रोज जेवायला बोलावून माझा घसा बसतो.’”

“तिसऱ्या हाकेला उठायचो मी,” फान म्हणाला.

“तेही आहे त्यात. तिसरी हाक मारून झाली की बोर्ड जरा जास्त थांबतो. का, ते आम्हाला कधी कळलं नाही.”

फानने पाना उचलून पेटीत ठेवला. “मग काढून टाका की मला.”

“चाचणी संपली की तो रुग्ण पुसायचा असतो, पण तुमच्या मंजुरीने तो बदलाबरोबर खऱ्या रांगेत शिरला. बदल मागे घेतलाय. पण रांगेत शिरलेलं नाव आम्हाला पुसता येत नाही. चुकून खरा आजारी माणूस पुसला जाईल, म्हणून ताईंनीच तशी सोय ठेवलीय. तुम्ही खिडकीत आपलं कार्ड घातलंत, की माणूस आला असं समजून बोलवणं थांबेल.”

“कुठल्या दवाखान्यात?”

“सगळ्या,” को म्हणाले.

यिंगआन खाली बघत म्हणाली, “आणि काका, मंजुरीतून ताईंचं नाव आज काढावं लागेल. फोन आता वाजणार नाही.”

“बरं,” फान म्हणाला आणि कार्ड शोधायला आत गेला. त्याला कार्ड शोधायला फार वेळ लागला.

मग वरात निघाली. डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्याला फैलावर घेतलं. “हाक मारली की यायला काय होतं हो? आमचा खोळंबा!” फान खाली मान घालून “आलो, आलो” म्हणाला, कार्ड घातलं, बोर्ड गप्प झाला. बायकांच्या दवाखान्यात एका गरोदर मुलीने उठून त्याला बसायला जागा दिली. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आलाच आहात तर म्हणून तोंड उघडायला लावलं. पण दर वेळी खिडकीतून वळताना फान एकदा मागे बघायचा. बोर्डावर आता दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असायचं.

शेवटचा दवाखाना बाजारामागचा, डॉ. लियाओंचा. ब्लडप्रेशर तपासायला फानने इथे यावं म्हणून युएलान वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागली होती. इतर पेशंट तपासून गेले होते. रिकाम्या बाकांसमोर बोर्ड एकटाच बोलत होता, “फान गोल शुन, खोली एक.”

डॉक्टर दारात आले. “अरे वा! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?”

“काका, घाला कार्ड,” यिंगआन म्हणाली. “हा शेवटचाच.”

फानचा हात खिडकीपर्यंत गेला आणि थांबला. “ही कितवी हाक?”

“पहिली.”

तो मागे फिरून बाकावर बसला.

“अहो, तुमचंच नाव आहे ना?” खिडकीतल्या नर्सने विचारलं. “मग बसलात काय?”

“अजून दोन व्हायच्या आहेत,” फान म्हणाला.

को काहीतरी बोलणार होते. यिंगआनने त्यांची बाही ओढली. दुसरी हाक आली. डॉक्टर दाराला टेकून उभे राहिले. मग तिसरी आली, आणि ती संपल्यावर बोर्ड जरा जास्त थांबला.

“आलो गं,” म्हणत फान उठला.