एकही मासा नको

“उद्या तुमच्या गळाला एकही मासा लागता कामा नये,” असं बायकोने बजावलं, तेव्हा घड्याळजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग लावून नायलॉनच्या तंगुसाला गळ बांधत बसले होते. त्यांनी भिंग काढलं आणि आपण नीट ऐकलं का, याचा विचार करू लागले.

घड्याळजींना स्वतःबद्दल बहुतेक बाबतींत शंका असे. दुरुस्त करून दिलेलं घड्याळ चालू लागलं, तरी ते आपल्यामुळे चाललं की गिऱ्हाइकाच्या नशिबाने, हे त्यांना ठरवता येत नसे. फक्त रविवारी खाडीच्या तोंडाशी गळ टाकून बसलं की ही शंका निवत असे. गरवणं आपल्याला जमतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. नेमकं तिथेच हरायचा हुकूम झाला होता.

कारण लेकीच्या लग्नाचं होतं. मुलगा राजी होता, मुलाची आई राजी होती. गाडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. त्यांची लाँड्री होती. ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, नुसतं ‘बघू’ म्हणत होते. अशात दोन्ही बायकांना फोनवर शोध लागला, की दोन्ही पुरुष रविवारी मासे गरवायला जातात. मग त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की हा रविवार चौघांनी मिळून काढायचा.

“त्यांना हार सोसत नाही,” बायको म्हणाली. “सख्ख्या मेहुण्याने कॅरममध्ये हरवलं, तर अजून त्याचे कपडे दुसऱ्या लाँड्रीत जातात. आणि हात म्हणे फार चांगला आहे. दर रविवारी पापलेट आणतात. मागे तर सुरमई आणली, तिथेच किनाऱ्यावर तुकड्या करून. घरात वास नको म्हणून.”

घड्याळजींच्या हातातला गळ थांबला. पापलेट खोल समुद्रात जाळ्यात सापडतं. खाडीच्या काठावरून ते दर रविवारी गळाला लागतं, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. पण आपल्यालाच माहीत नसेल, असं समजून ते हरायच्या तयारीला लागले.

गरवण्याचे जेवढे नियम त्यांना पाठ होते, तेवढे त्यांनी उलटे फिरवले. बारीक गळ काढून अंगठ्याएवढा थोराड गळ बांधला. नाजूक तंगूस सोडून दोरखंडाचा धाकटा भाऊ शोभेल असा जाड तंगूस घेतला. ताजी कोळंबी घरीच ठेवून शिळ्या कणकेच्या गोळ्या घेतल्या. वेळ तर बायकांनीच ठरवली होती: ऐन उन्हाची, ओहोटी सरत आलेली. अशा वेळी शहाणा मासा बाहेर पडत नाही. घड्याळजी निर्धास्त झोपले.

खाडीच्या तोंडाशी दगडी धक्का होता. मागे, जरा उंचावर, दोघी बायका छत्री रोवून बसल्या. लाँड्रीवाले झकपक इस्त्रीच्या कपड्यांत आले होते. त्यांची गळाची काठीही तशीच कोरी होती. मुठीवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं.

“हाताला घाम येतो,” त्यांनी आपणहून खुलासा केला.

मग त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलली, चादर झटकावी तशी झटकली, आणि शिशाचं वजन पाण्यात न जाता मागे बायकांच्या छत्रीवर जाऊन आपटलं.

“अहो, इकडे कुठे?” होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं.

“वारा बघत होतो,” लाँड्रीवाले म्हणाले.

घड्याळजींनी खाली मान घालून आपला गळ जवळच, अगदी पायाशी टाकला. शिवाय पाण्यावर आपली सावली पडेल असे उभे राहिले आणि दोन-तीनदा मुद्दाम खाकरले. एवढं करूनही तंगूस थरथरला. कुठल्याशा बावळट बोयीने, वीतभर मासळीने, कणकेची गोळी तोंडात घेतली होती. वर काढावी तर पंचाईत, म्हणून त्यांनी तंगूस ढिला सोडून दिला. निघून जाईल बिचारी, असा त्यांचा हिशेब होता.

ती सुटून जाईपर्यंत वेळ काढावा म्हणून ते होणाऱ्या व्याह्यांच्या मदतीला गेले, तर त्यांच्या काठीवर तंगुसाचं घरटं झालं होतं. घड्याळजींनी ते उलगडलं. टोकाला गळ होता, पण त्यावर आमिष नव्हतं. आणि गळ बांधला होता तो कपड्यांच्या गाठोड्याची गाठ मारून.

“तुम्ही दर रविवारी गरवता ना?” त्यांनी हळूच विचारलं.

लाँड्रीवाल्यांनी एकदा छत्रीकडे पाहिलं.

“झोपतो,” ते म्हणाले.

“कुठे?”

“लाँड्रीत. धुतलेल्या चादरींवर. शटर ओढून घेतो.”

“घरी झोपायचं की.”

“घरी आडवा झालो की ही विचारते, बरं वाटत नाही का? मग थर्मामीटर येतो. मग हिचा भाऊ येतो.” लाँड्रीवाल्यांनी आवाज आणखी खाली आणला. “पापलेट बाजारातून नेतो. तुकड्या कोळीणच करून देते. आता हिला कळलं, तर घरात माझी काय किंमत राहील? आणि किंमतच राहिली नाही, तर तुमच्या मुलीला होकार द्यायचा मी कोण?”

या बोलण्यात काहीतरी चुकतंय, असं घड्याळजींना वाटलं. पण काय ते सापडेना. एवढं मात्र कळलं, की नुसतं हरून भागणार नव्हतं. ज्याला काठी धरता येत नाही, त्याला जिंकवायचं होतं.

तेवढ्यात त्यांची स्वतःची काठी दगडावरून सरपटू लागली.

बोय गेली नव्हती. ती गळासकट ढिल्या तंगुसावर तडफडत राहिली होती, आणि खाडीतल्या जिताड्यासारख्या मोठ्या शिकारी माशाला याहून चांगलं आमिष कुणी दिलं नसतं. त्याने बोय गिळली. थोराड गळ त्याच्या जबड्याच्या मापाचा होता. जाड तंगूस त्याच्या ओढीला पुरून उरेल असा होता. हरण्यासाठी केलेली एकूण एक तयारी जिताड्यासाठी चोख ठरली.

मागे वाऱ्याने छत्री उलटी होऊन उडाली आणि दोघी तिच्यामागे धावल्या. घड्याळजींनी ती संधी साधून आपली काठी व्याह्यांच्या हातात कोंबली.

“ओढू नका. तो ओढेल तेव्हा सोडा, तो थांबला की गुंडाळा.”

“तो कोण?”

“मासा.”

छत्री सरळ करून बायका वळल्या, तेव्हा लाँड्रीवाले धक्क्यावर पाय रोवून उभे होते. घामाने त्यांची इस्त्री मोडली होती. घड्याळजी बाजूला उभे राहून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ‘सोडा, गुंडाळा’ म्हणत होते. विहीणबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. घड्याळजींच्या बायकोने नवऱ्याकडे पाहून पसंतीची मान डोलावली, अशी तिने फार दिवसांत डोलावली नव्हती.

अखेर जिताडा दगडावर आला. हातभर लांब, रुप्यासारखा. त्याने शेपटी आपटली, आणि लाँड्रीवाले टुणकन मागे उडाले.

“हा हलतोय,” ते ओरडले.

“हलतोय म्हणजे?” विहीणबाई म्हणाल्या.

लेकीचं लग्न त्या ओल्या दगडावर माशाशेजारीच तडफडतंय, असं घड्याळजींना दिसू लागलं.

“म्हणजे अजून दम आहे त्याच्यात,” ते म्हणाले. “जाणकार असंच म्हणतात.”

“मग करा की तुकड्या,” विहीणबाईंनी पिशवीतून डबा आणि सुरी काढली. “नेहमी करता तशा. आज आम्हालाही बघू द्या.”

लाँड्रीवाल्यांनी सुरी घेतली. ते माशाकडे पाहत राहिले. मासाही त्यांच्याकडे पाहत होता. त्यांचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा पांढरा पडला. मग एकाएकी त्यांनी सुरी खाली ठेवली.

“आज नको,” ते म्हणाले. “आज आपल्या पोरांचं लग्न ठरतंय. अशा दिवशी कुणाच्या मानेवर सुरी नको.”

“ठरतंय?” दोघी एकदमच म्हणाल्या.

“ठरलं,” लाँड्रीवाले घाईघाईने म्हणाले. “व्याही, सोडा त्याला पाण्यात. माझ्या हाताला घाम आलाय.”

घड्याळजी वाकले. आयुष्यात गळाला लागलेला सगळ्यात मोठा जिताडा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, गळ सोडवला, आणि पाण्यात ठेवला. तो क्षणभर थांबला आणि गेला. मागे दोघी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. या सगळ्यात घड्याळजींनी काही केलं, असं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लग्न झालं. लाँड्रीवाल्यांना मात्र त्या दिवसापासून गरवण्याचं खरंच वेड लागलं. चादरींवरची झोप सुटली. दर रविवारी ते व्याह्यांआधी धक्क्यावर हजर असत, मोठमोठ्याने बोलत, पाण्यावर सावली पाडत, मासा आमिषाला तोंड लावतोय तोच काठी उपसत, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने पण आनंदाने घरी जात.

पुढे एका रविवारी विहीणबाईंचा फोन आला. घड्याळजींच्या बायकोने बराच वेळ ऐकून घेतलं आणि फोन ठेवून ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्ही त्यांना शिकवता तरी काय? आधी एक रविवार रिकामा जात नव्हता. तुमच्या संगतीला लागले आणि त्यांचा हात गेला, असं म्हणतेय ती.”

घड्याळजींनी ओला तंगूस गुंडाळता गुंडाळता थोडा विचार केला.

“खोटं नाही,” ते म्हणाले. “माझ्याबरोबर यायला लागल्यापासून त्यांनी एकही मासा घरी नेलेला नाही.”

आणि सवयीप्रमाणे, खरंच आपलंच काही चुकत असेल का, असा विचार करत ते हात धुवायला गेले.