घरातलं घरात ठेवणारा रोबो

केर आणि अब्रू या दोन्ही गोष्टी घराच्या चार भिंतींच्या आतच असतात, त्यामुळे जो केर काढतो त्याच्या नजरेस अब्रूही पडते, हे कोणत्याही जबाबदार कुटुंबाने गृहीत धरलं पाहिजे. पंचायत समितीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचे शेषराव हे फार पूर्वीपासून गृहीत धरून होते. पत्नी लिलाबाई यांचे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा पुण्याहून मुलाने, प्रसेनजितने, फोनवर सुचवलं, "बाबा, केर काढणारा रोबो घ्या." शेषरावांनी तत्त्वतः मंजुरी दिली. (तत्त्वतः मंजुरीबद्दल त्यांची ख्याती होती. अंतिम मंजुरी नोकरीत फारशी कोणी पाहिली नव्हती.)

अडचण एकच. हल्लीचे रोबो डोळे घेऊन येतात. समोर कॅमेरा असतो, तो घरभर फिरतो, खोल्यांचा नकाशा काढतो आणि म्हणे परदेशी कंपनीला पाठवतो. आणि शेषरावांच्या घरात सध्या कंपनीला दिसू नये असं एक माणूस होतं. त्यांची मुलगी पौर्णिमा.

पौर्णिमाला वाशीमला दिली होती. पावसाळा संपता संपता ती एका बॅगेनिशी घरी आली आणि "मी आता तिकडं जाणार नाही" एवढंच म्हणाली. जावई फार चांगला माणूस असल्याचं जावयाच्या घरच्यांचं म्हणणं होतं. पौर्णिमाच्या दंडावरचे वळ त्या म्हणण्याशी सहमत नव्हते. शेषराव पूर्णपणे मुलीच्या बाजूने होते. फक्त बाजू घराच्या आत घ्यायची, असं त्यांचं धोरण होतं. गल्लीत सांगितलं, परीक्षेचा अभ्यास करायला आली. रस्त्याकडच्या खिडक्या बंद झाल्या. पौर्णिमा कपडे वाळत घालायलाही बाहेर येईना.

"कंपनीतल्या मानसाले कायले कळलं पाहिजे, आपली पोरगी घरी येऊन बसली ते?" शेषराव म्हणाले.

"त्याले मराठी तरी येते का?" लिलाबाईंनी विचारलं.

"फोटोले भाषा लागत नाही," असं सांगून शेषराव चौकशीला निघाले.

वाशीम रोडवर माणिकरावांचं विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. माणिकरावांनी शास्त्रशुद्ध प्रश्न विचारले. घरात लांब केस कोणाचे आहेत? ब्रशमध्ये अडकतात म्हणून.

"पोरीचे."

"पौर्णिमाताई तं वाशीमले दिली ना, साहेब?"

"दिली होती," शेषराव म्हणाले. अचूक काळ वापरायची त्यांना नोकरीपासून सवय होती.

दुकानातल्या बाकावर मोबाइल दुरुस्तीला देऊन बसलेले पुंजाजी, भाजीपाला पिकवणारे त्यांचे शेजारी, यांनी मान वर केली.

मग शेषरावांनी गरज सविस्तर मांडली, कारण अपुऱ्या माहितीवर खरेदी करणं नियमात बसत नाही. दुपारी रोबोने आतल्या खोलीत जाऊ नये, तेव्हा मुलगी वकिलाशी बोलते. त्याला ऐकू येत नसावं. फार आवाज करणाराही नको, ती हल्ली दचकते. "आन् यातलं काही बाहेर जाता कामा नये," ते शेवटी बजावून म्हणाले. "कंपनीले म्हणतो मी."

"कंपनीले नाही कळनार," पुंजाजींनी बाकावरून हमी दिली.

खबरदारी म्हणून हीच मागणी त्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुद्देसूद टाकली. प्रतिसाद भरघोस आला. बऱ्याच जणांनी हात जोडले, काहींनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आणि मानोऱ्याच्या देवमन साहेबांनी जावयाचं आडनाव विचारलं. शेषरावांनी ते कळवलं. पत्राला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

अखेर निवड झाली. कॅमेरा नाही, माइक नाही, इंटरनेट नाही. भिंतीला धडकून वळणारा, आंधळा आणि बहिरा रोबो. खोकं घरी आलं आणि समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं गेलं.

संध्याकाळी पुंजाजींच्या पत्नी गोजराबाई रोबो बघायला आल्या. खोक्याकडे न बघता त्या थेट आतल्या खोलीत गेल्या.

"काय वं पौर्णिमा, वकील चांगला भेटला का?"

पौर्णिमा ताडकन उठली. ती बाहेर आली. "बाबा, वकिलाचं यायले कोणी सांगितलं?"

शेषरावांनी संतापून खोकं फोडलं, रोबो उलटा केला, चाकं चाचपली, ब्रशखाली बॅटरीचा उजेड मारून लपवलेला डोळा शोधला. मग दुकानात फोन लावला. "माणिकराव, तुमचा माल घरातलं बाहेर सांगून राह्यला!"

"साहेब, खोकं कवा उघडलं?"

"आत्ताच."

माणिकरावांनी फोन ठेवला.

"त्याले काहून चाचपून राह्यले?" लिलाबाई म्हणाल्या. "त्याले तोंडच नाही. तुमाले हाये."

पौर्णिमा हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिला रडू फुटलं, तेव्हा गोजराबाईंनी तिला आत नेलं, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या पोरीचं, साधनाचंही असंच हाये वं. तुह्या वकिलाचा नंबर दे. पन कोनाले सांगू नको."

पौर्णिमाने नंबर दिला आणि शब्द पाळला. साधनाचं नाव तिने आईजवळही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडच्या खिडक्या तिने स्वतः उघडल्या आणि वाशीमला वकिलाकडे जायला भर सकाळी गल्लीतून निघाली. शेषराव बस स्टँडपर्यंत सोबत गेले. कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांनी वाटेत पाठ केलं होतं. कोणीच विचारलं नाही. बस सुटताना त्यांनी हात वर केला, आणि सगळ्यांदेखत तो वरच ठेवला.

रोबोच्या वर्तनाबद्दल आजपर्यंत तक्रार नाही. साधनाची गोष्टही त्या खोलीतून बाहेर गेलेली नाही. पौर्णिमा बोलली नाही, गोजराबाई बोलल्या नाहीत. गावात ती कोणालाच ठाऊक नाही, फक्त तुम्हाला आहे. आणि दुसऱ्याच्या घरातलं इतकं सगळं कान देऊन ऐकल्यावर, तो रोबो केर कसा काढतो, हे मात्र तुम्ही अजून एकदाही विचारलेलं नाही.